कातरवेळचा नेम

दादा शिकारीला जाणार आहे हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं. त्याला माझ्याकडून एक काम करून घ्यायचं होतं, म्हणून त्याने सांगितलं.

आमचं घर काशीत, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. बाबा वेदपाठशाळेत शिकवायचे. चातुर्मासात घरात कांदा-लसूण यायचा नाही आणि शेजारच्या गल्लीत कुणी मासे तळले तरी बाबा उठून खिडकी लावून घ्यायचे. अशा घरातला थोरला मुलगा हिवाळ्यातल्या एका दुपारी खांद्यावर कॅनव्हासची लांबोडकी पिशवी घेऊन माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतलं आणि पिशवीतली वस्तू माझ्या पलंगावर, तपासायला आणलेल्या पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवली. मागे बंदुकीसारखा दस्ता, आणि पुढे नळीच्या जागी आडवं बसवलेलं धनुष्य. त्याला क्रॉसबो म्हणतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. लहानपणी बाबांनी त्याला संहिता पाठ करायला बसवलं होतं, ती त्याने अर्ध्यात सोडली. पुढे बरीच वर्षं हे-ते करून तो एका ठेकेदाराच्या नादी लागला. घाटांच्या डागडुजीला चुनारचा दगड पुरवायचा, सरकारी बाबूंना चहा पाजायचा, अशी कामं. हा ठेकेदार जातीने कोण, गावचा कुठला, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. दादा त्याच्यासमोर उभा राहिला की त्याचा आवाज बदलायचा, तेवढं मात्र मला सहन व्हायचं नाही. घरात मराठीत ठणकावून बोलणारा माझा भाऊ त्याच्यापुढे हिंदीत नुसता ‘जी भैया, जी भैया’ करायचा.

ठेकेदाराची शेती राजघाटच्या पुलाच्या खालच्या अंगाला, पलीकडच्या काठावरच्या कछारात होती. पूर ओसरला की जी गाळाची जमीन उघडी पडते तिला तिथे कछार म्हणतात. हरभरा, वाटाणा, अरहर म्हणजे आपली तूर तिथे उत्तम येते, आणि ते खायला नीलगायींचे कळप येतात. नीलगाय ही काही गाय नव्हे. हरणाच्या कुळातलं, घोड्याएवढं उंच जनावर. पण नावात गाय आहे, आणि तेवढं पुरतं. तिला बंदुकीने मारलं तर आवाज होतो, गाव गोळा होतो, आणि मग विचारणारे विचारतात. ठेकेदाराच्या कॅनडातल्या मेहुण्याने हा क्रॉसबो सुट्टीवर येताना सामानातून आणला होता. आवाज नाही, आणि ठेकेदाराच्या म्हणण्याप्रमाणे परवान्याची भानगड नाही.

मी दादाला म्हटलं की हत्याराला परवाना लागो न लागो, जनावर मारणं हा गुन्हाच आहे. तो हसला. हे बनारस आहे, म्हणाला.

मी त्या वेळी मुलींच्या इंटर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. अकरावी-बारावीला भिंगं, आरसे, दुर्बीण. दादाला तेच हवं होतं. क्रॉसबोबरोबर नेम धरायची तीन साधनं आली होती आणि त्यांतलं कुठलं लावायचं ते त्या दोघांना कळत नव्हतं. नीलगाय दिवसा अरहरीत दडून बसते आणि सूर्य बुडाल्यावर बाहेर पडते. कातरवेळी, उजेड जायच्या बेतात असताना, ज्यातून नेम धरता येईल असं मी निवडून द्यायचं होतं.

मी नाही म्हटलं. साफ नाही. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि शांतपणे म्हणाला, “तू नाही सांगितलंस तरी आम्ही जाणारच. नीट दिसलं नाही तर जनावर मरणार नाही, जखमी होऊन पळेल आणि कुठेतरी तडफडत पडेल. ते चालेल तुला?”

हे वाक्य त्याचं नव्हतं, ठेकेदाराने पढवलेलं होतं, हे मला ऐकतानाच कळलं. तरी ते खोटं नव्हतं, आणि याचाच मला संताप आला. मी त्याला खोलीबाहेर घालवला. पण त्याने टेबलावर मांडलेली ती तीन साधनं तिथेच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ती घेऊन गच्चीवर गेले.

आमच्या गच्चीवरून समोर गंगा आणि पलीकडची वाळू दिसायची. सूर्य शहराच्या मागे बुडतो, त्यामुळे आधी घाट सावलीत जातात, मग पाणी, आणि वाळूवर मात्र उजेड बराच वेळ रेंगाळतो. मग तीही राखाडी होते. त्या वाळूवर संध्याकाळी माणसं असायची, उंट असायचे, कुत्री असायची. मला पाहायला हवं ते सगळं तिथे होतं.

पहिलं साधन सगळ्यांत साधं. एका चौकटीत पितळेच्या चार बारीक सुया, एकाखाली एक. वरची सुई जवळच्या नेमासाठी, खालची लांबच्या. दिवसा ते उत्तम होतं. पण वाळू राखाडी झाली की सुया दिसेनाशा व्हायच्या. त्यांच्या टोकांना पांढरा रंग लावून पाहिला, त्याने पाच-दहा मिनिटं वाढली, एवढंच.

दुसरी चांगली हातभर लांब दुर्बीण. काळी, जड, दिसायला रुबाबदार. तिची वाढ तिपटीपासून नऊपटीपर्यंत फिरवता यायची. दादाला तीच आवडली होती, कारण ती लावली की क्रॉसबो रायफलीसारखा दिसायचा. मी त्याला बोलावून दाखवलं. दुर्बीण डोळ्यापासून लांब धरली की मागच्या काचेत उजेडाची एक छोटी गोल चकती दिसते. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वाढीने भागलं की त्या चकतीचा आकार मिळतो. ही दुर्बीण नऊपटीवर नेली की चकती उरते जेमतेम साडेतीन मिलिमीटर. अंधार पडताना आपल्या डोळ्याची बाहुली त्याच्या दुप्पट उघडते. म्हणजे डोळा उजेड मागत असतो आणि दुर्बीण त्याला अर्ध्या रुंदीची फट देते. शिवाय तिच्या आतल्या फुलीच्या रेघा काळ्या. काळसर जनावराच्या अंगावर, काळोखात, काळी फुली. मी दादाला वाळूवरचा एक उंट दाखवून विचारलं की फुली कुठे आहे. त्याला सांगता आलं नाही.

तिसरं साधन म्हणजे बोटभर लांब नळी. वाढ काहीच नाही, साधी काच, आणि काचेत बॅटरीवर चालणारा लाल ठिपका. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहायचं. ठिपका जनावरावर टेकला की तिथे नेम. त्याची चमक कमी-जास्त करायची एक चकती होती. चमक जास्त ठेवली तर ठिपका पसरून जनावरालाच झाकून टाकायचा आणि त्याच्या झळाळीने डोळाही दिपायचा. सगळ्यांत कमी ठेवली तर निखाऱ्याच्या ठिणगीएवढा शांत दिसायचा. मला तो पटला.

त्या चार-पाच संध्याकाळी दादा खरोखर लक्ष देऊन शिकला. लहानपणी आम्ही दोघं त्याच गच्चीवर पतंग उडवायचो, तसा तो माझ्या शेजारी कठड्यावर कोपर टेकून बसायचा. वहिनी वर चहा आणून द्यायची आणि काय चाललंय ते न विचारता खाली जायची. मला ते आवडत होतं, हे सांगायला हवं. माझा भाऊ कित्येक वर्षांनी माझं काही ऐकत होता.

एका रविवारी मी त्याच्याबरोबर ठेकेदाराच्या गोदामात गेले. तिथे वाळूच्या पोत्यांवर त्याने बाण मारून पाहिले. हे बाण आखूड, कोपरापासून बोटांपर्यंत भरतील एवढे, ॲल्युमिनियमचे, मागे प्लास्टिकची पिसं. ठिपका पंचवीस पावलांवर जुळवला तेव्हा बाण बरोबर ठिपक्यावर बसायचा. अंतर दुप्पट केलं की हातभर खाली. बंदुकीची गोळी आणि बाण यांत हा फरक आहे, बाण फार लवकर खाली येतो. म्हणून मी दादाला दोन गोष्टी पाठ करायला लावल्या. पंचवीस पावलांच्या पलीकडे मारायचं नाही. आणि जनावराचा पुढचा पाय आणि पोट वेगळं ओळखू येईनासं झालं की क्रॉसबो खाली ठेवायचा. दुर्बिणीतून तर मुळीच नाही, कारण नऊपटीने लांबचं जनावर जवळ आल्यासारखं वाटतं, आणि बाणाला ते जवळ आलेलं नसतं. दादाने मान डोलावली. ठेकेदार खुर्चीत बसून पान चघळत ऐकत होता. मी गप्प झाल्यावर तो दादाला म्हणाला की बहनजी क्लास बढिया लेती हैं. दादा हसला. तो का हसला, याचा राग मला तिथेच आला होता. मी तो गिळला.

त्यानंतर आठवड्याभराने ते पलीकडे गेले. दादा परत आला तेव्हा जेवणं व्हायची होती. हातपाय धुऊन तो सरळ पाटावर बसला. मी वाढता वाढता विचारलं. नेम चुकला, म्हणाला. आणि मान खाली घालून जेवत राहिला. चुकलेला माणूस इतकं गप्प जेवत नाही.

मी त्याच्या खोलीत गेले. लाल ठिपक्याची नळी तिच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोकं कपाटात, जसं मी दिलं होतं तसं.

मी ते आणून त्याच्या पानाशेजारी ठेवलं, मग त्याला बोलावंच लागलं. ठेकेदार म्हणाला होता की हे काय खेळणं लावतोस, आणि निघताना स्वतः दुर्बीण चढवली होती. अरहरीच्या कडेला कळप बाहेर आला तेव्हा उजेड जवळपास गेला होता. दुर्बिणीत एक नर अगदी समोर, हाताशी असल्यासारखा दिसत होता. ठेकेदाराने क्रॉसबो दादाच्या हातात दिला, म्हणाला मार. किती पावलांवर होता? दादाला ठाऊक नव्हतं. फुली दिसत होती का? थोडी. बाण लागला कुठे? खाली, पोटात बहुतेक. जनावर उडालं आणि अरहरीत घुसलं. मागे गेलात? अंधार झाला होता.

“तू मारलंस,” मी म्हटलं, “आणि ते कुठे गेलं ते बघायलाही गेला नाहीस.”

तो म्हणाला की मी हळू बोलावं, बाबा ऐकतील. मी हळू बोलले नाही. बाबा ओसरीवर होते, त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी पोथीचं पान उलटलं आणि वाचत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दादाने पलीकडे जावं, जनावर शोधावं, सोबत जनावरांचा डॉक्टर न्यावा, असं मी म्हटलं. तो हो म्हणाला आणि गेला नाही. तिसऱ्या दिवशीही गेला नाही. मी कॉलेजातून येऊन रोज विचारायचे आणि तो रोज काहीतरी सांगायचा. ठेकेदार म्हणतो की मेलं असेल. ठेकेदार म्हणतो की कोल्ह्यांनी खाल्लं असेल.

ते मेलं नव्हतं. आमच्या घाटाला पलीकडून एक म्हातारी भाजीची नाव घेऊन यायची. तिने वहिनीला वाटाणे मोजून देता देता सांगितलं की कछारात एक गाय फिरतेय, पोटात तीर रुतलेला, तीर चमकतो, दिवसाउजेडी गावाजवळ येते, पाणी पिते आणि पुन्हा जाते. लोक हात जोडतात आणि शिव्या देतात. त्याच्या पुढच्या खेपेला तिने सांगितलं की ती गाय विहिरीपाशी पडली आणि मेली. मोठी गर्दी जमली. पोलीस आले. आणि मुसहरांच्या वस्तीतल्या एकाला धरून नेलं.

मुसहर म्हणजे शेताच्या बांधावर झोपड्या टाकून राहणारी, पानांच्या पत्रावळी लावून विकणारी, उपाशी दिवसांत शेतातले उंदीर धरून खाणारी माणसं. गावात काहीही झालं की पहिला हात त्यांच्यावर पडतो. मी भाजीवालीला विचारलं की त्यालाच का धरलं. त्याच्याकडे धनुष्य आहे म्हणून, ती म्हणाली. आणि त्याचं नाव ठेकेदाराच्या मुनिमाने सांगितलं. चौकीत त्याला मारताहेत, असंही म्हणाली.

मी जिना चढून दादाच्या खोलीत गेले. त्याला हे आधीच ठाऊक होतं. आदल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो आरशासमोर उभा राहून दाढी करत होता.

“दोन दिवसांत सोडून देतील त्याला,” तो आरशातच बघत म्हणाला. “भैया बोललेत दरोग्याशी. उगाच वाढवू नको.”

“मारताहेत त्याला तिथे.”

“अगं, त्यांना सवय असते.”

मी त्याच्या कानाखाली मारली असती. इतकी वर्षं झाली, अजून वाटतं की मारायला हवी होती. मी मारली नाही, कारण तो मोठा भाऊ होता आणि दारात वहिनी उभी होती. वहिनीने हे शेवटचं वाक्य ऐकलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग कपाटाशी गेली, खालच्या कप्प्यातून एक उरलेला बाण काढला आणि तो पदराने पुसून माझ्या हातात दिला. दादा साबण लागलेल्या तोंडाने म्हणाला की बायका मिळून घर बुडवणार.

खाली बाबा पूजेला बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं की मी चौकीवर जातेय, तुम्ही येता का. त्यांनी उजवा हात वर केला, म्हणजे थांब, मधे बोलू नकोस. मी थांबले नाही.

भाजीवालीच्याच नावेतून मी पलीकडे गेले. चौकी म्हणजे दोन खोल्या, पुढे कडुनिंब. निंबाखाली त्या माणसाची बायको बसली होती, गुडघ्यांना मिठी घालून. मी तिला सांगितलं की मी त्याला सोडवायला आलेय, तीर कुणाचा ते मला ठाऊक आहे. तिने मला नखशिखांत पाहिलं. माझी इस्त्रीची साडी, खांद्यावरची पिशवी, चप्पल.

“अब आयल हऊ?” ती म्हणाली.

आता येतेस होय. एवढंच. तिने मान फिरवली. मला वाटलं होतं ती हात जोडेल. ती चिडली होती, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं.

आत दरोगा होता, तिथला फौजदार. शिकलेली बाई पाहून त्याने खुर्ची दिली, मास्टरनीजी म्हणाला. टेबलावर त्यांनी पुरावा मांडून ठेवला होता. जनावराच्या पोटातून काढलेला ॲल्युमिनियमचा बाण, त्यावर इंग्रजी अक्षरं, आणि शेजारी त्या माणसाचं धनुष्य. ते धनुष्य पाहिलं आणि मला हसू यावं की रडू तेच कळेना. ती गुलेल होती. आपली रबराची गलोल नव्हे. बांबूची कामठी, तिला एकीशेजारी एक अशा दोन दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या मधोमध चिंधीची चिमूटभर झोळी. त्या झोळीत भाजलेल्या मातीची गोळी धरून होला-पारवा मारतात. गुलेलीला बाण लावायला जागाच नसते.

मी दरोग्याला म्हटलं की तुम्हीच हा तीर या धनुष्याला लावून दाखवा. त्याने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं, पण शिपाई बघत होते, म्हणून उचलला. बाण दोन दोऱ्यांच्या मधून निसटला आणि टेबलावर पडला. त्याने पुन्हा लावला. पुन्हा पडला. एक शिपाई फस्सकन हसला. दरोगा हसला नाही. गुलेल बाजूला सारून म्हणाला की मग तुम्हीच सांगा, तीर कुणाचा.

मी पिशवीतून वहिनीने दिलेला बाण काढून त्याच्या बाणाशेजारी ठेवला. तीच लांबी, तीच पिसं, तीच अक्षरं.

आमच्या घरात महत्त्वाचं बोलणं नेहमी मराठीत व्हायचं. हे मी हिंदीत बोलले, आणि खुर्चीतून उठून बोलले.

“तीर मेरे भाई का है। चलाया भी उसी ने है।”

मग ठेकेदाराचंही नाव घेतलं, मुनिमाचंही सांगितलं. बयान लिहून घ्या म्हटलं. दरोगा पेन फिरवत बसला. तो मला समजावायला लागला की भाऊ आहे, घरची इज्जत आहे, आप पढ़ी-लिखी हैं, घर जाइए. मी म्हटलं की मी पढ़ी-लिखी आहे म्हणूनच इथून हलणार नाही, आणि आतल्या माणसाला बाहेर आणल्याशिवाय तर नाहीच. मी बाहेरच्या खोलीतल्या बाकावर बसले. दुपार कलली तरी बसले. कुणीतरी ठेकेदाराकडे निरोप घेऊन गेलं असणार, कारण उन्हं उतरताना त्याची जीप आली. तो आत गेला, चहा मागवला गेला, हसण्याचे आवाज आले. मग दरोग्याने बाहेर येऊन सांगितलं की उलगडा झाला, तीर ठेकेदारसाहेबांच्या गोदामातून चोरीला गेले होते, कुणी चोरले ते अज्ञात, आणि या माणसाचा काही संबंध दिसत नाही.

माझं बयान कुणी लिहिलं नाही. माझा बाणही परत मिळाला नाही. ठेकेदार माझ्यासमोरून जाताना थांबून नमस्कार करून गेला. त्या नमस्काराची मला अजून किळस येते.

त्या माणसाला त्यांनी मागच्या दाराने सोडलं. वयाने दादाएवढाच. उजवा हात छातीशी धरलेला, बोटं सुजून काळीनिळी झालेली. बायकोने त्याला खांद्याला धरलं. मी म्हटलं की डॉक्टरकडे चला, माझ्याबरोबर चला. ती त्याला धरून माझ्यामागून नावेत बसली. अलीकडे आल्यावर मी त्यांना इस्पितळात नेलं. दोन बोटांची हाडं मोडली होती. प्लास्टर घालताना तो कळवळला नाही. त्याने डॉक्टरला एकच गोष्ट विचारली, हात कधी चालेल. लग्नसराई तोंडावर होती. पत्रावळी लावायच्या त्या तेव्हाच, आणि काडीने पानं टाचायला बोटं लागतात.

घरी आले तेव्हा बाबा दारात उभे होते. त्यांच्या तोंडावर तसा राग मी कधी पाहिला नव्हता, आणि तो दादावर नव्हता.

“सख्ख्या भावाचं नाव चौकीवर घेतलंस,” ते म्हणाले. “घरातलं घरात सांगायचं असतं.”

“घरातच सांगितलं होतं, बाबा,” मी म्हटलं. “आठवडाभर सांगत होते. तुम्ही पान उलटलंत.”

ते मागे वळून आत गेले. पुढे कितीतरी दिवस ते मी वाढलेलं जेवले नाहीत, वहिनीकडून वाढून घेत. वहिनी मुद्दाम माझ्या हातची भाजी त्यांच्या पानात वाढायची आणि सांगायची नाही. त्या दिवसांत मला हसू यावं असं घरात एवढंच होतं.

दादाने माझ्याशी बोलणं टाकलं. मी त्याला वहिनीकरवी निरोप दिला की वस्तीवर जा, त्या माणसासमोर उभा राहा, तीर मी मारला म्हणून सांग. तो गेला नाही. त्याने भाजीवालीच्या नावेतून एक नवं कांबळं पाठवलं. कांबळं त्याच नावेतून परत आलं, घडीसुद्धा मोडली नव्हती. म्हातारीने ते आमच्या पायरीवर टाकलं आणि म्हणाली की ती बाई म्हणते, थंडी संपली.

मी मात्र पलीकडे जात राहिले. प्लास्टर काढायला त्याला मीच घेऊन गेले. एक बोट वाकडं राहिलं. त्याची बायको माझ्याशी कधी गोड बोलली नाही. पाणी विचारायची, खाट पुढे सरकवायची, आणि तिच्या कामाला लागायची. मला ते बरं वाटायचं. तिने मला माफ केल्यासारखं दाखवलं असतं तर मला तिथे बसवलं नसतं.

ठेकेदार त्या हिवाळ्यानंतरही शिकारीला जात राहिला असं कानावर यायचं. दादा गेला नाही. त्याला पश्चात्ताप झाला की त्याला कुणी बोलावलं नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. पुढच्या वर्षी ठेकेदाराने त्याला कामावरूनही दूर केलं. तेव्हा माझ्यामुळे झालं असं दादा सगळ्यांना सांगत फिरला. असेलही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

भाऊबीजेला तो पहिल्या वर्षी ओवाळून घ्यायला आला नाही. दुसऱ्या वर्षी आला. वहिनीने पाट मांडला, रांगोळी काढली, तो टोपी घालून बसला. केस बरेच पिकले होते. मी कुंकू लावलं, ओवाळलं, सुपारी फिरवली. बाबा कोपऱ्यात बसून बघत होते. तबक खाली ठेवलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, “अजून रागावलेली आहेस?”

“हो,” मी म्हटलं, आणि त्याच्यापुढे करंज्यांची ताटली सरकवली.